लाभाची मूठ

हेमांगी तुळसकरला एका जागी बसवत नसे. शाळेत मास्तर म्हणायचे, हिच्या बाकाला खिळे आहेत की काय. आता चाळिशी उलटली तरी ते खिळे निघाले नव्हते. चहा उभ्यानं, जेवण ओट्याला टेकून आणि विचार करायचा तर अंगणात येरझारा घालत. गेल्या वर्षा-दीड वर्षात हे जरा जास्तच झालं होतं. उजवा खांदा आखडायचा, पहाटेच जाग यायची, आणि जाग आली की अंथरुणात पडून राहणं तिला शिक्षा वाटायचं. मग ती उठून, वेणी घालत घालतच नाबरशेटांच्या काजूच्या कारखान्याकडे निघायची.

कारखाना वेंगुर्ल्याबाहेर, माडांच्या आड. बॉयलर पेटवणारा तेवढा तिच्या आधी आलेला असे. निवडणीच्या लांबट खोलीत अठरा बायकांच्या अठरा जागा, आणि प्रत्येक जागेपुढे हेमांगीनं बनवलेला एक लाकडी पाट. त्याला बायकांनीच नाव ठेवलं होतं, मोजपाट. पुण्यातली नोकरी सोडून ती आईजवळ राहायला आली, तेव्हा गावात दुरुस्त करायला पंखे आणि मिक्सरच होते. त्यांचा कंटाळा आला म्हणून तिनं हा मोजपाट केला, आणि आता त्याच्यापायी तिचं नाव जिल्ह्यात झालं होतं.

यंत्र तसं साधं. पाटाला चार भोकं : अख्ख्या गराचं, फुटून अर्ध्या झालेल्या पाकळीचं, तुकड्याचं आणि डागी गराचं. बाईनं गर उचलायचा, नजर टाकायची, योग्य त्या भोकात सोडायचा. भोकाखालच्या नळीत एका बाजूला बारका दिवा, ज्याचा उजेड माणसाला दिसत नाही. समोर तो उजेड झेलणारा डोळा. गर पडताना क्षणभर उजेड अडला की आकडा एकानं वाढायचा. काजूच्या धंद्यात हा आकडा फार महत्त्वाचा, कारण गराची प्रत ठरते ती एका पौंडात किती अख्खे गर बसतात त्यावरून. पूर्वी त्यावरून कारखानदार आणि खरेदीदार यांच्यात हमरीतुमरी व्हायची. मोजपाट आला आणि ती भांडणं मिटली.

एकच अडचण आली होती. दोन गर चिकटून पडले की यंत्र त्यांना एकच समजायचं. त्यावर हेमांगीनं युक्ती काढली. प्रत्येक गर कोणत्या क्षणी पडला आणि उजेड किती वेळ अडला, याची सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंद ठेवायची. उजेड जास्त वेळ अडला तर दोन धरायचे. युक्ती लागू पडली. आकडे चोख येऊ लागले, आणि त्या क्षणांच्या नोंदी यंत्राच्या पोटात साचत राहिल्या.

दुसरी अडचण यंत्राची नव्हती, बायकांची होती. निवडणीला बसताना पहिली मूठ ‘लाभ’ म्हणून बाजूला काढायची, हा तिथला शिरस्ता. खोलीतल्या सर्वांत जुन्या बाईनं ती मूठ सगळ्यांच्या वतीनं निवडायची, आणि आठवडाभराचा लाभ शुक्रवारी सातेरीच्या देवळात द्यायचा. सर्वांत जुनी म्हणजे नऊ नंबरच्या जागेवर, खिडकीपाशी बसणारी शालन, हेमांगीची आई. पाट बसवले त्याच दिवशी शालननं सगळ्यांदेखत लेकीला बजावलं होतं, "लाभाक आकडो लावशीत तर मी उठान जायन. देवाचां मोजूचां नसता."

हेमांगीनं मुकाट्यानं नवव्या पाटाला एक बटण बसवलं. ते दाबलं की आकडा जागच्या जागी थांबायचा. शालन खूश झाली आणि म्हणाली, "आता यंत्र तुझां, तर पयली मूठ तुझीच." तेव्हापासून रोज सकाळी बायका यायच्या आत हेमांगी आईच्या जागेवर बसायची, बटण दाबायची आणि लाभाची मूठ निवडायची. तेवढ्यात नळ्यांची तपासणीही होऊन जायची. दिवसभरात ती स्वस्थ बसत असेल तर एवढाच वेळ.

त्या दिवशीही तिनं लाभ काढून ठेवला होता. शालन आणि तिच्या शेजारच्या जागेवरची कमळमावशी बोलत बोलतच आत आल्या.

"लाभ काढलंस?" शालननं दारातूनच विचारलं.

"काढलंय."

"काय ह्यो धूर गो बाये! टरफलां ओली जाळल्यानी वाटता. घसो धरलो माझो." तिनं पदर नाकाला लावला. "तुका वास येना नाय?"

"सवय झाली माका," हेमांगी म्हणाली आणि पुढच्या पाटाकडे वळली.

"आणि ह्या डब्यावर काय लिवलंस?" कमळमावशीनं हेमांगीच्या हातची चिठ्ठी लावलेला गरांचा डबा डोळ्यांजवळ नेला. "हीं अक्षरां माणसांनी वाचूची की मुंग्यांनी?"

मागून आलेल्या बायकांसकट सगळ्या हसल्या. हेमांगीही हसली, पण तिचं लक्ष त्यांच्या हसण्यात नव्हतं. आठवडाभर तिच्या पोटात एक गोष्ट होती, आणि आईकडे सरळ बघणं तिला जमत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. काळ असा आला होता की मनगटातलं घड्याळ हृदयाचे ठोके ऐकून मुलाबाळांना खबर द्यायचं, आणि फोनवर खोकलं की छातीत काय चाललंय ते कळायचं. त्याच वाटेवरचा एक प्रोग्राम कुणी संशोधकांनी फुकट वाटायला काढला होता. माणसाच्या हाताला ठेका असतो, असं त्यांचं म्हणणं. भाकरी थापताना, टाळ्या वाजवताना, टाइप करताना दोन हालचालींमधलं अंतर जवळजवळ सारखं राहतं, आणि ते राखण्याचं काम मेंदूच्या खोल भागातल्या काही पेशी करतात. कंपवात म्हणतात त्या आजारात या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरायला लागतो तो फार उशिरा. त्याआधी कित्येक वर्षं ठेका चुकायला लागतो, इतका बारीक की तो माणसाला कळत नाही. यंत्राला मात्र कळतो. दिवसाच्या शेवटी थकलेल्या हाताचा भरवसा नाही, म्हणून हा प्रोग्राम रोज सकाळचा ताजा हात बघायचा; पहिल्या काही डझन हालचाली घ्यायचा आणि बाकीच्या सोडून द्यायचा.

हेमांगीला राहवलं नाही. यंत्राच्या पोटात एवढ्या नोंदी पडून आहेत, तर बघूया तरी! पहिल्या आठ पाटांचं बघून झालं, तेव्हा ती आनंदानं उड्याच मारायची बाकी होती. प्रत्येकीचा ठेका वेगळा, आणि प्रत्येकीचा नीट. त्या भरात तिनं नाबरशेटांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. पोटात काही राहत नसे तिच्या, हा तिचा जुना दोष.

नवव्या पाटाचं तिनं दुसऱ्या दिवशी बघितलं. पडद्यावर लाल पट्टी आली. कंपवाताची शक्यता : दाट. तिनं पुन्हा चालवलं. गेल्या महिन्याच्या नोंदी घातल्या, त्याच्या आधीच्या घातल्या. लालच. नववा पाट, खिडकीपाशी, आईची जागा.  त्या दिवशी हेमांगी खरोखर खाली बसली.

नाबरशेट माणूस वाईट नव्हता. बायकांसाठी पंखे त्यानंच लावले, बाळंतिणींना पगारी रजा जिल्ह्यात पहिल्यांदा त्यानंच दिली. म्हणूनच त्याच सकाळी तो हसत हसत कार्यालयातून बाहेर आला तेव्हा हेमांगीला आणखी धास्ती वाटली.

"हेमा, तुझ्या त्या ठेक्याची गोष्ट मी एका विमा कंपनीवाल्याच्या कानार घातलंय. माणूस येडो झालो माणूस! अठरा जणींचो विमो करूक तयार आसा. इस्पितळाचो सगळो खर्च तेंचो. आणि जिल्ह्यातल्या बाकीच्या कारखान्यांक तुझो मोजपाट. काय समजलंस?"

"आणि तेंका काय होया?"

"काय नाय गो. म्हयन्याक एकदा हातांच्या ठेक्याची माहिती. कोणाचो बिघडलेलो असलो तर तेवढीक विम्यातसून वगळतले. त्येका आपण काय करतलो? सतरा जणींचां तर भलां होतलां मा?"

सतरा जणींचं भलं.  विम्यानं वगळलेली बाई कारखान्यात किती दिवस टिकेल? आज नाबरशेट सांभाळून घेईल, उद्या खरेदीदार विचारेल, परवा कमळमावशीच विचारील, की शालनला काय झालंय. आणि शालनला स्वतःला हे कागदावरून, परक्या माणसाच्या तोंडून कळेल.

"सोमवारपर्यंत माहिती दी," शेट म्हणाला.

त्या दिवसापासून हेमांगी आईच्या हातांवर पाळत ठेवू लागली. शालन बांगडा साफ करायची, तेव्हा ही उगाच तांब्या घेऊन शेजारी उभी. ती नारळ खवायची, तेव्हा ही दाराआडून बघत. कधी वाटायचं, बोटं अडखळली. कधी वाटायचं, नाही, बाई चांगली आहे. शालनच्या हातून एकदा वाटी निसटली, तर हेमांगीचे डोळे भरून आले. वाटी तेलकट होती, पण ते तिला पटेना. त्रेसष्ट वर्षांच्या या बाईनं एकटीनं घर ओढलं, लेकीला शिकवलं, लेकीनं लग्न केलं नाही तरी चार लोकांत तिची बाजू घेतली. आणि आता हिचे हात जाणार, ही गोष्ट जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे, हा विचार हेमांगीला घरात टिकू देत नसे. मग ती अंगणात जाऊन फेऱ्या मारायची.

"काय घाण्याच्या बैलासारखी फिरतंस?" शालन ओरडायची. "बस मगे जरा!"

"आये," एका संध्याकाळी हेमांगीनं विचारलं, "एखाद्या माणसाक मोठो आजार होवचो आसा, आणि तेका ठावक नाय. तर तेका सांगूचां की नाय?"

"कोण माणूस?"

"असोच. पेपरात वाचलंय."

शालननं वातीला तेल लावता लावता तिच्याकडे पाहिलं. "जीव तेचो, तर आधी तेका सांगूक होया. दुसरो कोण ठरवणारो?"

उत्तर इतकं सरळ होतं. तरी त्या संध्याकाळी हेमांगीनं एक भलतंच काम केलं. कंपनीला द्यायच्या माहितीत नवव्या पाटाच्या नोंदी काढून टाकल्या आणि तिथं कमळमावशीच्या नोंदी चिकटवल्या. अठराही पट्ट्या हिरव्या झाल्या. ती खोटी माहिती फोनमध्ये तयार ठेवून ती कितीतरी वेळ बघत राहिली. सात जन्मांत आपण असं काही करू असं तिला वाटलं नव्हतं, आणि करताना काहीच जड गेलं नाही याची तिला भीती वाटली.

सोमवार यायच्या आधी तिनं आईला गोव्याच्या इस्पितळात न्यायचं ठरवलं. सांगितलं मात्र, डोळे तपासायला जायचंय.

डॉक्टर केणी मेंदूच्या डॉक्टर होत्या, आणि हेमांगीनं त्यांना नोंदींचं आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं. शांतपणे बोलायच्या, पण नजर तीक्ष्ण. त्यांनी शालनला बोटं आपटायला लावली, मूठ उघडायला-मिटायला लावली, चालवलं, वळवलं. मग पाच-सहा कागदी पट्ट्या पुढे केल्या. पट्टी नखानं खरवडायची आणि वास ओळखायचा.

"लवंग," शालन म्हणाली. "ही कॉफी. ह्यो अंगाचो साबण. बांगडो आसतो तर लांबसूनच वळाखलो आसतो."

डॉक्टर हसल्या. आईनं खाली ठेवलेल्या पट्ट्या हेमांगीनं चाळा म्हणून उचलल्या, एकेक नाकाला लावली. नुसता कागद. एकदा खरवडली की वास उडून जात असणार, असं म्हणून तिनं त्या ठेवून दिल्या.

"तुमच्या आईंचा हात माझ्या हातापेक्षा बरा आहे," डॉक्टरांनी शेवटी सांगितलं. "कंपवाताचं यांच्यात एकही लक्षण नाही. वास तर सगळ्यात आधी जातो, थरथर यायच्या कितीतरी वर्षं आधी. यांचं नाक बघितलंत ना? तुमच्या त्या नोंदींमध्ये काहीतरी गडबड आहे."

हेमांगीला हसावं की रडावं कळेना. तिनं एकदम डॉक्टरांचे हात धरले. "आणि समजा कुणाला असलं तर?" तिनं सहज विचारलं.

"तर लवकर कळलेलं चांगलं. आता औषधं आहेत. बरा होत नाही, पण लवकर धरला तर पंधरा-वीस वर्षं हात राखता येतो. उशीर झाला की मग आमच्याही हातात फार राहत नाही."

 बाहेर आल्यावर शालन व्हरांड्यातच थांबली.

"माझ्या हाताक काय झालां म्हणान तू माका हय हाडलंस?"

हेमांगीनं सांगितलं. सगळं सांगितलं, लाल पट्टी, विमा, अगदी कमळमावशीच्या चिकटवलेल्या नोंदीसुद्धा. शालनचा चेहरा लाल झाला.

"हात माझे, आणि खबर तुका? इतके दिस तू माझ्या ताटात ताट घालून जेवलंस आणि बोललंस नाय? आणि त्या बिचाऱ्या कमळेचो हात माझ्या नावार लावलंस! मी मेलंय की काय, माका इचारूक नको?"

"माका भय वाटलां, आये."

"भय वाटूचांच. भय वाटता म्हणान खोटां बोलूचां?"

घरी परतताना बसमध्ये शालन खिडकीबाहेर बघत बसली. विजेवरची बस आवाज न करता चढउतार कापत होती. बांदा गाव मागे पडल्यावर शालननं लेकीचा हात हातात घेतला.

"माझी शपथ आसा तुका. आतापासून हाताचां, पायाचां, जिवाचां काय असात तां लपवूचां नाय. तू माका सांगूचां, मी तुका सांगतलंय. कळलां?"

"कळलां," हेमांगी म्हणाली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून, कितीतरी महिन्यांनी, गाढ झोपली.

सोमवारी ती नेहमीपेक्षाही लवकर कारखान्यात पोचली. मन हलकं होतं. यंत्र चुकलं होतं, आणि स्वतःचं यंत्र चुकल्याचा एवढा आनंद जगात दुसऱ्या कुणा इंजिनियरला झाला नसेल. आता फक्त चूक शोधायची होती. नवव्या पाटाचा दिवा बदलून बघितला, डोळा बदलला, तारा तपासल्या. सगळं ठीक होतं. मग तिनं प्रोग्रामनं नेमक्या कोणत्या नोंदी वापरल्या त्या उघडल्या आणि वेळा वाचू लागली.

वेळा सकाळच्या होत्या. बायका यायच्या आधीच्या.

कुणी यायच्या आधी नवव्या पाटावर गर कसे पडतील? हे आपण मनात म्हणतोय तोच तिची नजर त्या बटणावर गेली. बटण दाबलं की आकडा थांबतो. आकडाच फक्त थांबतो. खालचा दिवा, खालचा डोळा आपलं काम करतच राहतात; प्रत्येक गराचा क्षण टिपतच राहतात. लाभ मोजायचा नाही असं बायकांनी सांगितलं, म्हणून तिनं तो मोजला नव्हता. पण नोंद होतच होती, रोजच्या रोज. आणि प्रोग्राम सकाळचा पहिला हात बघत होता. नवव्या पाटाचा पहिला हात.

हेमांगीनं स्वतःचा उजवा हात समोर धरला. थरथर नव्हती. काहीच दिसत नव्हतं.

तिनं घाईघाईनं लाभाच्या नोंदी वगळून शालनच्या नोंदी घातल्या. हिरवी पट्टी. मग नुसत्या लाभाच्या घातल्या. लाल. मग ती उठली, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. डब्यांवरची स्वतःची अक्षरं बघितली. जुन्या डब्यांवरची मोठी होती. नव्यांवरची खरंच मुंग्यांना वाचता येतील अशी. खांदा दुखत होता, वर्षभर दुखत होता. बॉयलर पेटला होता, खिडकीबाहेर टरफलांचा काळा धूर सरळ दिसत होता. तिनं खोल श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. ज्या धुरानं आईचा घसा धरायचा, तो तिच्या नाकात शिरत होता आणि तिला पत्ता नव्हता. फणसाचा, बांगड्याचा, पहिल्या चहाचा वास शेवटचा कधी आला होता, हे तिला काही केल्या आठवेना. ती रडली, चांगली हुंदके देऊन रडली.

नाबरशेट दारात येऊन उभा राहिला तेव्हा तिनं तोंड पुसलं होतं.

"माहिती तयार?"

"तयार होती. पुसून टाकलंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे, शेट, यापुढे मोजपाट गर मोजतलो. हात मोजूचो नाय. अठराही पाटांचे जुने ठेके मी काढून टाकलंय. ज्या बायेक आपलो ठेको बघूचो आसा, तिका मी तिच्या फोनार दाखवीन, तो तिचो. कार्यालयात येवचो नाय, कंपनीत जावचो नाय."

शेटचा चेहरा पडला. "अगो, मगे विम्याचां काय? बाकीच्या कारखान्यांचां काय? इतक्या लांबसून चालत इलेली गोष्ट तू लाथाडतंस?"

"विमो होया. पण हातांची माहिती न देता मिळता तर मिळवा. तुमचो शब्द चलता तेंच्याकडे."

"आणि नाय मिळालो तर? अठरा जणींचां नुकसान तुझ्या डोक्यार. एका कोणाचो तरी बिघडलेलो दिसता, म्हणान मा ह्या सगळां? कोणाचो? शालनेचो?"

"आयेचो नाय." हेमांगी थांबली. "माझो."

 नाबरशेटनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाला, "बघतंय मी, काय जमता तां," आणि बाहेर गेला. त्याला जमेल की नाही हे हेमांगीला ठाऊक नव्हतं. बाकीच्या कारखान्यांचं काम बहुतेक गेलं, एवढं तिला कळलं होतं.

अंगणात बायकांचे आवाज यायला लागले. अजूनही वेळ होता. हसून ‘यंत्रात बिघाड होतो, काढलंय’ असं म्हणता आलं असतं. आईनं विश्वास ठेवला असता. एकटीनं गोव्याला जाऊन येता आलं असतं. आईला कशाला एवढ्यात, या वयात, असं तिच्या मनात आलं. आणि गेले कित्येक दिवस आईबद्दल आपण हेच शब्द मनात घोळवत होतो, हेही ध्यानात आलं.

शालन पदरानं नाक झाकतच आत आली. "लाभ काढलंस?"

"नाय अजून."

"कित्याक? तब्येत बरी नाय तुझी?" शालन जवळ आली आणि लेकीचे सुजलेले डोळे बघून तिथंच थांबली.

"आये, तू शपथ घातलंस मा माका," हेमांगी म्हणाली. "तो लाल हात लाभाचो होतो. पयली मूठ तू काढीत नाय. मी काढतंय."

क्षणभर शालनला कळलं नाही. मग कळलं. तिनं नाकावरचा पदर हळूच खाली घेतला.

"तुका ह्या धुराचो वास येता?" तिनं विचारलं.

"नाय गो आये. लय दिस झाले."

मागून कमळमावशी आणि बाकीच्या आत शिरत होत्या, बोलत होत्या, आणि या दोघींना बघून एकेक करून जागीच थांबत होत्या. शालन लेकीला ओरडली नाही, तिनं तिला जवळही घेतलं नाही. तिनं कोपऱ्यातला बसायचा पाट ओढला, आपल्या जागेशेजारी ठेवला आणि त्यावर बसली. खिडकीपाशची आपली रोजची जागा तिनं मोकळी सोडली.

"बस," ती म्हणाली. "लाभ तूच काढूचो. वेळ लागूंदे. आज संध्याकाळी त्या केणी डॉक्टरणीक फोन लावया."

हेमांगी बसली. बटण दाबलं, आकडा थांबला. सगळ्यांचे ठेके तिनं पुसले होते, पण या बटणामागची नोंद तिनं तशीच चालू ठेवली होती. डॉक्टरांना दाखवायला ती लागणार होती. तिनं मूठभर गर घेतले. अख्खा, पाकळी, अख्खा, तुकडा. कान देऊन ऐकलं तरी तिला त्यात काही चुकलेलं ऐकू येईना.

अठरा जणींपैकी एकीनंही आपल्या पाटाला हात लावला नाही. पहिली मूठ संपेपर्यंत त्या थांबून राहिल्या.